घंटा आपल्या, मग गाणे परके कसे? १९७३ च्या एका उपेक्षित अल्बमची बाजू

१/
आजचा धागा वसईच्या किल्ल्याविषयी नाही. परंतु त्याची सुरुवात किल्ल्यापासूनच करावी लागेल. कारण आज मांडावयाचा वाद आपल्याच अंगणातला आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या. त्यांपैकी एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे, एक मेणवलीच्या घाटावर, एक भीमाशंकरला. फिरंगी देवघरासाठी ओतलेले ते धातू पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ महादेवापुढे निनादत आहेत. ‘तू मुळात कोणाची?’ असे त्या घंटेला कोणी विचारीत नाही.

२/
हाच प्रश्न आपण गाण्याला मात्र हटकून विचारतो. गिटार आली, ब्लूजचा सूर आला, इंग्रजी शब्द आले, की निकाल ठरलेला : ‘ही नक्कल आहे, ही आपली परंपरा नव्हे.’

या निकालाखाली जे गाडले गेले त्यात एक अल्बम आहे. नाव ‘आशा पुथली’, वर्ष १९७३, कंपनी सीबीएस, गायिका मुंबईच्या आशा पुथली. ब्लूज, सोल आणि रॉक यांच्या संगमावर उभे असलेले हे काम आपल्या संगीत-इतिहासात नोंदले गेलेच पाहिजे, हे या धाग्याचे प्रतिपाद्य आहे. विरोधी पक्षाचे आक्षेप एकेक करून घेऊ. कोणताही सोयीस्करपणे वगळणार नाही.

३/
प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करू.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे गाणे. गुलामगिरी कायद्याने संपली. पण वर्णभेद, वेठ आणि दारिद्र्य संपले नाही. त्या जगण्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार आकारास आला. त्याचे शास्त्रीय वैशिष्ट्य असे : गंधार, पंचम आणि निषाद हे स्वर पियानोच्या पट्टीवर जेथे बसतात तेथे गायक ते ठेवीत नाही. तो त्यांना किंचित उतरवतो, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत झुलवतो. ब्लूजचा सारा प्राण त्या मधल्या जागेत असतो.

सोल हे ब्लूजचे धाकटे भावंड. १९५० च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी चर्चमधील गॉस्पेलची आर्तता उचलली आणि ती लौकिक प्रेमगीतांत आणली. आपल्याकडे कीर्तनातील साकी-दिंडी जशी संगीत रंगभूमीवर आली, काहीसे तसेच.

४/
आता ‘मधली जागा’ ही कल्पना लक्षात ठेवून भारतात या.

१९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. मुख्य तक्रार काय होती? या पेटीत मींड निघत नाही. दोन स्वरांच्या मधली जागा तिला दाखवता येत नाही. दरबारीचा आंदोलित गंधार तिच्या पट्ट्यांत मावत नाही. तक्रार सांगीतिकदृष्ट्या खोटी नव्हती. पण त्याच सुमारास महाराष्ट्रातील गायन-मैफल पेटीवाचून अपुरी वाटू लागली होती आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला कलावाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. आकाशवाणीची ही बंदी शिथिल होण्यास १९७१ साल उजाडले.

म्हणजे ज्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या रक्षणासाठी आपण युरोपीय पेटीला तीस वर्षे दाराबाहेर ठेवले, तशीच सूक्ष्म स्वरस्थाने अमेरिकेतील कापसाच्या शेतांवर गायली जात होती. मी या दोन परंपरांना एक म्हणत नाही. त्यांचा उगम, हेतू आणि दुःख वेगळे आहे. पण एका परंपरेत तयार झालेला गळा दुसऱ्या परंपरेचा दरवाजा उघडू शकतो. हे घडले कसे, ते १९७३ च्या या अल्बमात ऐकू येते.

५/
आशा पुथली १९४५ मध्ये मुंबईत जन्मल्या. हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाचे शिक्षण झाले, पाश्चात्त्य ऑपेराचेही झाले. साठच्या दशकातील मुंबईत त्या जॅझ गाऊ लागल्या. दशकाच्या अखेरीस शहरातील एका बीट-बँडसोबत त्यांची छोटी तबकडीही निघाली. विमानकंपनीत हवाई सुंदरीची नोकरी केली. पुढे मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळवून त्या न्यूयॉर्कला गेल्या.

लेखक वेद मेहता यांचे ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईतील जॅझविषयीच्या त्यातील प्रकरणात या तरुण गायिकेचे चित्रण आहे. ते वाचून जॉन हॅमंड यांचे लक्ष तिच्याकडे गेले.

६/
हे जॉन हॅमंड कोण, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावे. बिली हॉलिडेचे पहिले ध्वनिमुद्रण त्यांनी केले. अरेथा फ्रँकलिन, बॉब डिलन आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांना कोलंबिया कंपनीत त्यांनीच आणले.

ब्लूजच्या इतिहासात त्यांचे आणखी एक ऋण आहे. रॉबर्ट जॉन्सन या गायकाने १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत मिळून अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये तो मरण पावला. त्याच वर्षी कार्नेगी हॉलमधील एका मैफलीसाठी हॅमंड त्याचा शोध घेत होते. मृत्यूची बातमी कळल्यावर त्यांनी मंचावरून त्याच्या तबकड्या वाजवून दाखवल्या. पुढे १९६१ मध्ये कोलंबियाने त्याच्या गाण्यांचा संग्रह काढला, आणि ज्याला जवळजवळ कोणी ओळखत नव्हते तो इंग्लंड-अमेरिकेतील रॉकचा मूळपुरुष ठरला.

‘चांगले असते तर प्रसिद्ध झालेच असते’ असे म्हणणाऱ्यांनी ही चोवीस वर्षे मोजावीत.

७/
न्यूयॉर्कमध्ये काय घडले ते थोडक्यात. १९७१ मध्ये पीटर आयव्हर्स यांच्या ब्लूज-बँडसोबत आशा पुथली यांनी मार्विन गे यांच्या एका लोकप्रिय सोल-गीताची नवी आवृत्ती गायली. त्याच वर्षी ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी दोन गाणी गायली. कोलमन म्हणजे फ्री जॅझचे प्रवर्तक. त्यांच्या रचनांत सुरावट कोठे वळेल याचा भरवसा नसतो आणि गायकाला पायाखाली ठरलेली जमीन मिळत नाही. मुंबईहून आलेली गायिका तेथे निर्धास्त चालली. ‘डाउनबीट’ या जॅझच्या मान्यवर नियतकालिकाच्या समीक्षकांनी तिची दखल घेतली.

१९७३ चा अल्बम या पायावर उभा आहे. त्यामुळे तो एखाद्या हौशी मुलीने हॉटेलात गायलेल्या गाण्यांचा संग्रह नव्हे.

८/
आता प्रत्यक्ष अल्बम.

निर्माते डेल न्यूमन. कॅट स्टीव्हन्सच्या ‘टी फॉर द टिलरमन’ आणि एल्टन जॉनच्या ‘गुडबाय यलो ब्रिक रोड’ या गाजलेल्या अल्बमांतील तंतुवाद्यांची योजना त्यांची. गीतांची निवड पाहा : जे. जे. केल यांची दोन, ‘राइट डाउन हिअर’ आणि ‘लाइज’. बिल विदर्स यांचे ‘लेट मी इन युअर लाइफ’. ग्लॅडिस नाइट यांनी गाजवलेले ‘नायदर वन ऑफ अस’. आणि जॉर्ज हॅरिसनचे ‘आय डिग लव्ह’.

केल हे ओक्लाहोमाचे, आळसावलेल्या ब्लूज-रॉकचे जनक. विदर्स आणि नाइट ही सोलची दोन टोके, एक संयत, दुसरे उत्कट. हॅरिसन हा बीटल. नुसत्या निवडीतूनच दिसते की ब्लूज, सोल आणि रॉक या तिन्ही प्रवाहांना एका गळ्यात आणण्याचा हा सहेतुक प्रयत्न होता.

९/
‘राइट डाउन हिअर’ हे या अल्बमाचे मर्मस्थान. केल यांनी ते आपल्या १९७२ च्या ‘रियली’ या अल्बमात पुटपुटल्यासारखे गायले आहे. शब्द वाद्यांच्या मागे अर्धे लपलेले.

आशा पुथली त्याच संथपणाला वेगळे वळण देतात. आवाज कुजबुजीपासून निघतो, कानाशी येतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना उडी न मारता घसरत जातो. ज्याने ख्याल ऐकला आहे त्याला ही चाल ओळखीची वाटेल. लय धिमी आहे, पण शिथिल नाही. शब्द मात्रेच्या किंचित मागे पडतो आणि गाण्याला ताण त्यामुळेच मिळतो. विलंबित लयीत समेवर येण्याची वाट पाहायला लावणारे गायक आपण डोक्यावर घेतो. त्या कौशल्याला येथेही दाद द्यायला काय हरकत आहे?

१०/
‘नायदर वन ऑफ अस’ची कथा आणखी बोधप्रद. नाते संपले आहे हे दोघांनाही कळते आणि निरोपाचा शब्द कोणीच उच्चारत नाही, असा त्याचा आशय. ग्लॅडिस नाइट यांचे गायन गॉस्पेलच्या भरदार छातीतून येते. त्याच्याशी त्याच मार्गाने स्पर्धा करणे म्हणजे हार निश्चित.

आशा पुथली त्या वाटेला जात नाहीत. त्यांचा आवाज वरच्या पट्टीत, हलका, श्वासाने भरलेला. दुःख मोठ्याने मांडण्याऐवजी त्या ते आत ओढून घेतात. नक्कल करणारा गायक मूळ गायकाच्या बलस्थानाचीच नक्कल करतो. येथे मूळचे बलस्थान जाणूनबुजून सोडून दिले आहे. हा फरक ज्याला ऐकू येतो त्याने ‘नक्कल’ हा शब्द पुन्हा वापरण्यापूर्वी विचार करावा.

११/
‘आय डिग लव्ह’ मात्र खेळकर, खट्याळ, थोडे नाटकी. सर्वांना ते रुचेलच असे नाही. पण त्यामागचा ऐतिहासिक विरोधाभास पाहण्यासारखा आहे.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्याने हिंदुस्थानी वादकांना मुद्रित केले. लंडनच्या रॉकवाल्याने मुंबईचे सूर नेले, त्याला जगाने ‘प्रयोग’ म्हटले. पाचच वर्षांनी मुंबईच्या गायिकेने लंडनच्या रॉकवाल्याचे गाणे घेतले, त्याला आपण ‘नक्कल’ म्हणतो. देवाणघेवाण तीच, मग तराजू दोन कशासाठी?

१२/
आक्षेप पहिला : ‘बहुतेक गाणी दुसऱ्यांची. यात स्वतःचे काय?’

हा आक्षेप महाराष्ट्रात, ख्यालाच्या प्रदेशात, कोणी घ्यावा याचे नवल वाटते. एकच बंदिश शंभर गायक गातात. सदारंगाची चीज गाणाऱ्याला आपण चोर म्हणत नाही. त्याने ती कशी मांडली, कोठे जागा घेतली, कोणता अर्थ उघडला, हे पाहतो. बंदिश जुनी, गायकी नवी, हाच आपला निकष.

नाट्यसंगीताचेही तेच. १९११ च्या ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली आणल्या आणि मराठी पदे त्यांवर चढली. त्या पदांना आज आपण अस्सल मराठी वैभव म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. चाल बनारसहून आली तर वैभव आणि ओक्लाहोमाहून आली तर उसनवारी, हा न्याय कोणत्या शास्त्रात लिहिला आहे?

१३/
आक्षेप दुसरा : ‘हे उच्चभ्रू, इंग्रजी मुंबईचे चोचले. मातीशी काय संबंध?’

या आक्षेपात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. हा अल्बम ‘गोलपिठा’ नव्हे. ब्लूज ज्या वेदनेतून जन्मले ती वेदना या गायिकेने भोगलेली नव्हती. तिला इंग्रजी होते, पारपत्र होते, शिष्यवृत्ती होती.

परंतु याच आक्षेपाची दुसरी बाजू तपासू. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींनी दलित पँथर उभारली. नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले. मराठी दलित लेखक कृष्णवर्णीयांचे साहित्य आत्मीयतेने वाचत होते. म्हणजे ‘गोलपिठा’ १९७२ चा आणि हा अल्बम १९७३ चा : दोन वर्षांत मुंबईतून दोन भिन्न हात एकाच कृष्णवर्णीय अमेरिकेकडे पोहोचले. एका हाताने तिचे राजकारण आणि साहित्य घेतले, दुसऱ्याने तिचा सूर.

१४/
ही दोन टोके एकमेकांना भेटली नाहीत, हे त्या काळाचे दुर्दैव. ती भेटली नाहीत याला वर्ग कारणीभूत होता, जात कारणीभूत होती आणि भाषाही. पण दोन्ही घटना एकाच शहराच्या, एकाच दशकाच्या आहेत. इतिहासकाराने त्यांना एका पानावर ठेवून पाहिले पाहिजे. एक ‘चळवळ’ आणि दुसरी ‘चोचला’ असे लेबल लावून दोन कपाटांत बंद केले, तर त्या दशकाची मुंबई कधीच पूर्ण दिसणार नाही.

मराठी साहित्यातही हे बंद कपाट थोडे किलकिले आहे. अरुण कोलटकर यांनी ‘जेजुरी’च्या त्याच काळात इंग्रजी गीते रचून ध्वनिमुद्रित करून पाहिली होती. आपल्या श्रेष्ठ कवीचा हा ओढा आपण चरित्रातील गंमत म्हणून सांगतो, सांस्कृतिक इतिहास म्हणून सांगत नाही.

१५/
आक्षेप तिसरा : ‘हे एकटे उदाहरण. महाराष्ट्रात या संगीताची परंपराच नव्हती.’

तारखा पाहू. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ-संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. गोव्याचे आंतोनियु शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांची तुतारी हिंदी चित्रपटगीतांत आजही ऐकू येते. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन मुंबईत येऊन गेले.

१९७० आणि १९७१ मध्ये सिगारेट-कंपनीच्या आश्रयाने भरलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतून भारतीय रॉक-बँडचे दोन संग्रह निघाले. १९७४ मध्ये ॲलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक-नाट्य उभे केले. त्यात ज्यूडास होते नंदू भेंडे, आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव.

१६/
नंदू भेंडे यांचे नाव येथे मुद्दाम घेतले. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ थिएटर ॲकॅडमीने रंगमंचावर आणला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. त्यात लावणी-अभंगाच्या शेजारी रॉकचा गळा उभा राहिला, तो नंदू भेंडे यांचा. मराठी प्रेक्षकाने तो स्वीकारला.

तेव्हा परंपरा नव्हती असे नाही. तिच्या कड्या विखुरलेल्या आहेत : एक नाटकाच्या इतिहासात, एक चित्रपटाच्या, एक हॉटेलच्या, एक परदेशातील तबकडीच्या. कड्या जुळवायला कोणी बसले नाही, एवढेच.

१७/
आक्षेप चौथा : ‘त्या तर देश सोडून गेल्या.’

यावर वसईकराने हसावे. आमच्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत हुतात्मा झाले. आयुष्य परदेशात गेले, मरण परदेशात आले. तरी ते वसईचेच संत. उलट दिशेने, इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठीची थोरवी गाताना आपण त्या ओव्यांचा दाखला प्रथम देतो.

येणारा आपला, तर जाणाराही आपला असला पाहिजे. कर्तृत्व कोणत्या भूमीवर प्रकटले यावरून वारसा ठरवायचा असेल, तर दोन्ही नावे पुसावी लागतील.

१८/
अल्बम विस्मृतीत का गेला, याचे उत्तर दर्जात नाही; कपाटांत आहे.

तो युरोपच्या बाजारासाठी निघाला. अमेरिकेत त्याला त्या वेळी बाजारच मिळाला नाही. पाश्चात्त्य ग्राहकाला भारतीय कलावंताकडून तेव्हा सतार आणि धूप हवा होता. हा अल्बम त्या सजावटीवर उभा नाही. भारतीयपण गळ्याच्या वळणात आहे, वेष्टनात नाही. त्यामुळे तिकडच्या दुकानदाराला तो ‘पुरेसा भारतीय’ वाटला नसावा.

आणि इकडे? येथे शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत, लोकसंगीत, चित्रपटगीत अशी कपाटे होती. इंग्रजी शब्दांच्या ब्लूजला खणच नव्हता. तिकडे अपुरी भारतीय, इकडे अपुरी आपली, अशा दोन नकारांच्या फटीत तबकडी पडली.

१९/
आता आक्षेपकांपेक्षाही मला अधिक खटकणारा पक्ष, म्हणजे उशिरा जागे झालेले कौतुकवाले.

आशा पुथली यांच्या १९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’ या अल्बमातील ‘स्पेस टॉक’ हे गीत न्यूयॉर्कच्या नृत्यमैफलींत गाजले. १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या अल्बमात त्याचा तुकडा वापरला गेला. झाले! तेव्हापासून ‘रॅपवाल्यांनी हिचे गाणे वापरले’ हीच तिची ओळख. जणू स्वतःच्या गाण्यापेक्षा त्याचा कापलेला तुकडा मोठा.

ॲटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडचेही असेच. ‘ऑब्सेशन ७७’ हा त्यांचा फंक आणि रॉकचा अल्बम १९८१ मध्ये निघाला, विसरला गेला, आणि २०११ मध्ये अमेरिकी कंपनीने पुन्हा काढल्यावर आपल्याला आठवला.

२०/
परदेशी संग्राहकांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. त्यांनी तबकड्या जपल्या, आपण रद्दीत घातल्या. पण संग्राहक तबकडीचे मोल तिच्या दुर्मीळपणावरून ठरवतो. इतिहासकाराने ते संदर्भावरून ठरवायचे असते. त्या गळ्यामागे कोणती तालीम होती, ते शहर कोणते होते, त्या वर्षी रेडिओवर काय वाजत होते, रस्त्यावर कोणता मोर्चा होता, हे लंडनचा तबकडी-विक्रेता सांगणार नाही. ते आपल्यालाच सांगावे लागेल, आणि मराठीत सांगावे लागेल.

‘परक्याने शाबासकी दिली की आपले’ ही वृत्ती ‘परक्याचे ते परके’ या वृत्तीचीच जुळी बहीण आहे. दोहोंत स्वतःच्या कानावर विश्वास नाही.

२१/
हा वाद सांडोरहून का मांडतो आहे, तेही सांगतो.

सांडोर, पापडी, गिरीज, रमेदी या गावांत व्हायोलिन आणि ऑर्गन हे पाहुणे नव्हेत. पोर्तुगीज १५३४ मध्ये वसईत आले आणि १७३९ मध्ये गेले; त्यांनी आणलेले सूर मात्र राहिले. आज येथल्या मिस्सेत मराठी गीते गायली जातात, त्यांत पाश्चात्त्य सुरावट आहे आणि भजनाची वळणेही. वसईच्या घराघरांत कादोडी, वाडवळी बोलल्या जातात. या गावांतील माणसाला वारंवार ऐकवले गेले आहे की तुमची वाद्ये परकी, तुमची नावे परकी, म्हणून तुम्हीही थोडे परकेच.

तेव्हा ‘हे संगीत आपले नव्हे’ हे वाक्य मला तबकडीपुरते ऐकू येत नाही. ज्या कसोटीने एक अल्बम इतिहासाबाहेर ठेवला जातो, त्याच कसोटीने माणसेही ठेवली जातात. म्हणून हा वाद रसिकतेपुरता मर्यादित नाही.

२२/
कसोटी बदलावी लागेल. ‘हे कोठून आले?’ हा प्रश्न अवश्य विचारा; उगम सांगणे हे इतिहासाचे कामच आहे, आणि ब्लूजच्या बाबतीत कृष्णवर्णीय अमेरिकेचे नाव घेणे हे कर्तव्य आहे. परंतु निवाडा दुसऱ्या प्रश्नावर व्हावा : ‘येथल्या माणसाने त्याचे काय केले?’

या प्रश्नाला १९७३ च्या अल्बमकडे उत्तर आहे. मुंबईच्या तालमीत तयार झालेल्या गळ्याने केल यांच्या ब्लूजला घसरती वळणे दिली, ग्लॅडिस नाइट यांच्या आक्रंदनाला मौनाकडे नेले, आणि सतारीचा मुखवटा न घालता भारतीय राहून दाखवले. अल्बम निर्दोष नाही. काही ठिकाणी तंतुवाद्यांचा गोडवा जास्त होतो, काही ठिकाणी नखरा गाण्यावर स्वार होतो. पण निर्दोष असणे ही इतिहासात प्रवेशाची अट कधीच नव्हती.

२३/
ज्यांना प्रत्यक्ष ऐकायचे आहे त्यांच्यासाठी क्रम :

पहिल्यांदा जे. जे. केल यांचे मूळ ‘राइट डाउन हिअर’, मग आशा पुथली यांचे. दोन्ही सलग. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या जागांकडे लक्ष ठेवा.

त्यानंतर ग्लॅडिस नाइट यांचे ‘नायदर वन ऑफ अस’ आणि मग आशा पुथली यांचे. येथे आवाजाची उंची नव्हे, श्वास ऐका.

शेवटी ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’मधील ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’. पहिल्या खेपेस ते विचित्र वाटेल. तिसऱ्या खेपेस मत बनवा, त्याआधी नको.

ऐकून झाल्यावर मला विरोध करायचा असेल तर अवश्य करा. मात्र न ऐकता केलेला विरोध या धाग्याखाली ग्राह्य धरला जाणार नाही.

२४/
आणि एक काम. तुमच्या घरी, आजोळी, शेजारच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील, सत्तरच्या दशकातील बँडची छायाचित्रे असतील, कार्यक्रमांच्या पत्रिका असतील. कोणी काका लग्नात ट्रम्पेट वाजवीत असत, कोणी मावशी मुंबईच्या हॉटेलात गात असे. त्यांना विचारा, लिहून घ्या, तारीख आणि गाव नोंदवा. तबकडीच्या मागची अक्षरेही उतरवून घ्या. साल, कंपनी आणि वादकांची नावे तेथेच असतात.

बखरी आणि शिलालेख जपणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाण्याचा कागद मात्र या पावसाळ्यात भिजला तर पुढच्या पिढीला मिळणार नाही.

पुढील धाग्यात पुन्हा किल्ल्याकडे वळू.